घर्षणाचे ऋण कार्य आणि ऊर्जेची घट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्य आणि ऊर्जा यांविषयी विद्यार्थ्यांकडून येणाऱ्या शंकांपैकी बहुतेक शंका घर्षणापाशी येऊन थांबतात. त्यांतील नेहमीच्या शंका येथे घेतल्या आहेत. उत्तरे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ‘घर्षणाने किती कार्य केले?’ हा प्रश्न अपुरा आहे. ते कार्य कोणत्या वस्तूवर झाले आणि ती वस्तू कोणाच्या दृष्टीने किती सरकली, हे सांगितल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. सर्व आकडेमोडीत गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले आहे.

कार्य ऋण असते म्हणजे नेमके काय?

बल, विस्थापन आणि त्या दोहोंमधील कोनाचा कोसाइन यांचा गुणाकार म्हणजे कार्य. कोन ९० अंशांपेक्षा लहान असेल तर कार्य धन येते, बरोबर ९० अंश असेल तर शून्य येते आणि त्याहून मोठा असेल तर ऋण येते. जमिनीवर सरकणाऱ्या पेटीवरील घर्षण बल तिच्या गतीच्या अगदी विरुद्ध दिशेने असते. कोन १८० अंशांचा आणि त्याचा कोसाइन उणे एक, म्हणून घर्षणाने पेटीवर केलेले कार्य ऋण ठरते.

गणिताच्या पलीकडे या चिन्हाला सरळ अर्थ आहे. ज्या बलाने वस्तूवर धन कार्य केले त्याने तिला ऊर्जा दिली, आणि ज्याने ऋण कार्य केले त्याने तिच्याकडून ऊर्जा काढून घेतली. वस्तूवरील सर्व बलांनी केलेल्या कार्याची बेरीज तिच्या गतिज ऊर्जेतील बदलाइतकी असते, या कार्य-ऊर्जा प्रमेयात ऋण चिन्ह खर्चाच्या बाजूला लिहिलेल्या रकमेचे काम करते.

मग ऋण कार्य झाले की वस्तू मागे सरकते का?

नाही. कार्य ही अदिश राशी आहे आणि तिला दिशा नसते. ऋण कार्य होत असताना वस्तू पुढेच जात असते. इतर बलांनी तितकीच भर घातली नाही तर तिचा वेग कमी होतो, एवढेच. किंबहुना स्थिर पृष्ठभागाचे गतिक घर्षण, म्हणजे वस्तू सरकत असतानाचे घर्षण, तिला उलट्या दिशेने कधीच ढकलू शकत नाही, कारण वस्तू थांबताच ते घर्षण संपते.

घर्षणाने केलेले कार्य प्रत्यक्षात कसे काढायचे?

सपाट जमिनीवर १० किलोग्रॅम वस्तुमानाची पेटी ठेवली आहे, गतिक घर्षण गुणांक ०.३ आहे आणि आपण ५० न्यूटन इतक्या क्षैतिज बलाने ती स्थिर स्थितीपासून ५ मीटर ढकलतो असे समजू. जमिनीचे पेटीवरील लंब बल, म्हणजे पृष्ठभागाशी काटकोनात लागणारे बल, ९८ न्यूटन आहे; त्याला गुणांकाने गुणले की घर्षण बल २९.४ न्यूटन येते. आपले कार्य अधिक २५० ज्यूल, घर्षणाचे कार्य उणे १४७ ज्यूल. बेरीज १०३ ज्यूल. ही पेटीची गतिज ऊर्जा झाली आणि त्यावरून वेग सुमारे ४.५ मीटर प्रति सेकंद येतो. आपण खर्चलेल्या ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक वाटा घर्षणाकडे गेला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता तेच ५० न्यूटनचे बल क्षैतिज न लावता ३० अंशांनी खाली झुकवून लावले तर काय होते ते पाहा. बलाचा २५ न्यूटनचा घटक पेटीला जमिनीवर दाबतो, लंब बल १२३ न्यूटन होते आणि घर्षण ३६.९ न्यूटनांवर जाते. आपले कार्य २१६.५ ज्यूलपर्यंत घटते, घर्षणाचे उणे १८४.५ ज्यूल होते आणि पेटीच्या वाट्याला जेमतेम ३२ ज्यूल उरतात. उलट दोरी बांधून तेच बल ३० अंशांनी वर झुकवून ओढले, तर लंब बल ७३ न्यूटन, घर्षण २१.९ न्यूटन आणि घर्षणाचे कार्य उणे १०९.५ ज्यूल येते. पेटीला १०७ ज्यूल मिळतात. क्षैतिज ढकलण्यापेक्षा तिरके ओढणे येथे थोडे फायद्याचे ठरले, आपण केलेले कार्य कमी असूनही. लंब बल म्हणजे वस्तूचे वजनच असे डोळे झाकून धरणाऱ्यांना हा फरक कधीच दिसत नाही.

उतरणीवरून घसरणाऱ्या वस्तूची ऊर्जा किती घटते?

३० अंशांच्या उतरणीवर ३ मीटर उंचीवरून २ किलोग्रॅमचा ठोकळा सोडला आणि घर्षण गुणांक ०.२ असला, तर सुरुवातीची स्थितिज ऊर्जा ५८.८ ज्यूल आहे. उतरणीची लांबी ६ मीटर, लंब बल सुमारे १७ न्यूटन आणि घर्षण ३.४ न्यूटन, म्हणून घर्षणाचे कार्य सुमारे उणे २०.४ ज्यूल. तळाशी गतिज ऊर्जा ३८.४ ज्यूल उरते आणि वेग ६.२ मीटर प्रति सेकंद येतो. घर्षण नसते तर तो सुमारे ७.७ असता.

या गणितात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. लंब बल कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात असते, आणि उतरणीच्या लांबीला त्याच कोसाइनने गुणले की उतरणीचा पाया मिळतो. म्हणजे सरळ उतरणीवर घर्षणामुळे होणारी घट ही घर्षण गुणांक, वस्तूचे वजन आणि क्षैतिज अंतर यांच्या गुणाकाराइतकीच असते. उतरण तीव्र आहे की मंद, याचा त्यात स्वतंत्र वाटा नसतो. वळणदार मार्गावर मात्र हा नियम तंतोतंत लागू होत नाही, कारण वळण घेताना लंब बल बदलते आणि ते वेगावरही अवलंबून राहते.

घर्षणाने ऊर्जा नष्ट होते का?

होत नाही. ‘ऊर्जेचा ऱ्हास’ किंवा ‘ऊर्जा वाया गेली’ असे आपण म्हणतो तेव्हा यांत्रिक ऊर्जा, म्हणजे गतिज आणि स्थितिज ऊर्जेची बेरीज, घटली एवढेच म्हणायचे असते. तितकीच ऊर्जा एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठभागांच्या अंतर्गत ऊर्जेत जमा होते आणि त्यांचे तापमान वाढते. थोडा वाटा आवाजात, पृष्ठभागाच्या झिजेत आणि कण तुटण्यातही जातो, परंतु बहुतेक परिस्थितींत तो किरकोळ असतो.

हे आज सहज मान्य होते, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे असे अनेक विद्वान मानत होते. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञांनी म्युनिकमध्ये तोफांच्या नळ्या कोरण्याचे काम पाहिले. बोथट अवजाराने घर्षण चालू ठेवले की उष्णता निघतच राहते. धातूत साठलेला द्रव असता तर तो केव्हातरी संपायला हवा होता. घोड्यांच्या बळावर फिरणाऱ्या अशाच यंत्राने त्यांनी सुमारे अडीच तासांत पाणी उकळून दाखवले आणि १७९८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १८४० च्या दशकात जेम्स ज्यूल यांनी खाली उतरणाऱ्या वजनांच्या साहाय्याने पाण्यात वल्ह्यांसारखी पाती फिरवली, वजने पुन्हा पुन्हा वर नेऊन सोडली आणि पाण्याचे तापमान किती वाढते ते कमालीच्या चिकाटीने मोजले. यांत्रिक कार्य आणि उष्णता यांचा विनिमयाचा दर ठरलेला आहे, हे त्यातून सिद्ध झाले. एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ ज्यूल हा तो दर.

मग ढकललेली पेटी गरम का लागत नाही?

कारण हा विनिमयाचा दर फार विषम आहे. एक किलोग्रॅम पाणी एका अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४,१८० ज्यूल लागतात. तेवढ्या ऊर्जेत तेच पाणी सुमारे ४२७ मीटर उंच उचलता येईल. वरच्या उदाहरणातील १४७ ज्यूल दहा किलोग्रॅमच्या लाकडी पेटीत समान पसरले, तर तिचे तापमान अंशाच्या सुमारे शंभराव्या भागाने वाढेल. स्पर्शाच्या नेमक्या जागी, क्षणापुरते, तापमान बरेच जास्त चढते. पण ती उष्णता लगेच आत झिरपते आणि हाताला काहीच जाणवत नाही.

घर्षण मुळात होते कशामुळे?

थोडक्यात सांगायचे तर कितीही घासून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर उंचसखल असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की केवळ काही उंचवटे खऱ्या अर्थाने टेकतात, आणि त्या जागी दोन्हींचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात. सरकताना हे सांधे सतत तुटतात आणि नवे जुळतात. उंचवटे वाकतात, सुटतात आणि सुटताना कंप पावतात. वस्तूची एकसंध गती अशा तऱ्हेने असंख्य अणूंच्या विस्कळीत कंपनांत वाटली जाते, आणि त्या कंपनांनाच आपण उष्णतेच्या रूपाने ओळखतो.

घर्षण बल लंब बलाच्या प्रमाणात असते आणि दिसणाऱ्या स्पर्श क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे नियम गियोम आमोंतों यांनी १६९९ साली मांडले आणि शार्ल कुलोम यांनी पुढील शतकात प्रयोगांनी तपासून विस्तारले. क्षेत्रफळ का मोजले जात नाही, याचे पटणारे स्पष्टीकरण मात्र विसाव्या शतकात मिळाले : खरे स्पर्श क्षेत्रफळ दिसणाऱ्या क्षेत्रफळापेक्षा खूपच लहान असते आणि ते दाबाच्या बलाप्रमाणे वाढते. हे नियम निसर्गाचे मूलभूत नियम नव्हेत, तर बऱ्याच परिस्थितींत चांगले चालणारे ढोबळ नियम आहेत. रबरासारख्या पदार्थांबाबत ते पुरेसे काटेकोर ठरत नाहीत.

घर्षण नेहमी ऋण कार्यच करते ना?

या विषयातील सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज हाच. घर्षण वस्तूच्या गतीला विरोध करते असे सांगितले जाते, पण नेमके बोलायचे तर ते एकमेकांना टेकलेल्या दोन पृष्ठभागांच्या सापेक्ष सरकण्याला विरोध करते. वेग घेणाऱ्या ट्रकच्या हौद्यात ठेवलेले खोके ट्रकबरोबर पुढे जाते, कारण हौद्याचे स्थितिक घर्षण, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांवर सरकत नसतानाचे घर्षण, त्याला पुढे ओढत असते. जमिनीवरून पाहता खोक्यावरचे हे कार्य धन आहे. खोक्याला गतिज ऊर्जा देणारे दुसरे कोणतेही बल तेथे नाही.

याहून बोधप्रद उदाहरण सरकत्या पट्ट्याचे आहे. पट्टा ३ मीटर प्रति सेकंद या स्थिर वेगाने चालतो आहे आणि त्यावर ४ किलोग्रॅमची पेटी क्षैतिज वेग न देता अलगद ठेवली जाते. सुरुवातीला पेटी मागे राहते, पट्टा तिच्याखालून घसरत जातो आणि गतिक घर्षण तिला पुढे खेचत पट्ट्याच्या वेगापर्यंत आणते. पेटीला शेवटी १८ ज्यूल गतिज ऊर्जा मिळालेली असते आणि ती सगळी गतिक घर्षणाच्या धन कार्यातून आलेली असते.

आता दुसऱ्या बाजूचा हिशोब पाहू. पेटी शून्यापासून पट्ट्याच्या वेगापर्यंत एकसमान त्वरणाने जाते, म्हणून त्या काळात ती पट्ट्याच्या निम्मेच अंतर कापते. पेटीने पट्ट्यावर लावलेले घर्षण तितक्याच परिमाणाचे पण उलट दिशेचे असते आणि पट्टा दुप्पट अंतर जातो. म्हणून घर्षणाने पट्ट्यावर केलेले कार्य उणे ३६ ज्यूल. पट्ट्याचा वेग टिकवण्यासाठी मोटरला तेवढीच जादा ऊर्जा पुरवावी लागते. ३६ ज्यूल दिले, १८ पेटीला पोचले, उरलेल्या १८ ज्यूलची उष्णता झाली. घर्षण गुणांक ०.१ असो वा ०.८, हे आकडे बदलत नाहीत. गुणांक मोठा असेल तर घसरणे लवकर संपते इतकेच. चांगला खरबरीत पट्टा बसवला म्हणजे ही घट टळेल असे वाटणाऱ्याला हे उत्तर चकित करते, पण वेग न दिलेली वस्तू चालत्या पट्ट्यावर ठेवण्याची ही किंमत चुकवता येत नाही. ती टाळायची असेल तर पेटी पट्ट्यावर येण्यापूर्वीच तिला पट्ट्याचा वेग दिलेला असावा लागतो.

पट्ट्यावर उभ्या असलेल्या निरीक्षकालाही हे कार्य धनच दिसेल का?

नाही, त्याला ते ऋण दिसेल. त्याच्या दृष्टीने पट्टा स्थिर आहे, पेटी ३ मीटर प्रति सेकंद वेगाने मागे सरकत आली आणि घर्षणाने तिला थांबवले. म्हणून पेटीवरील कार्य उणे १८ ज्यूल. दोघेही बरोबर आहेत. विस्थापन संदर्भ चौकटीवर अवलंबून असल्यामुळे एका वस्तूवर केलेले कार्य, आणि त्याचे चिन्हसुद्धा, चौकटीगणिक बदलू शकते.

जे बदलत नाही ते असे : घर्षणाच्या क्रिया-प्रतिक्रिया बलांच्या जोडीने दोन्ही वस्तूंवर मिळून केलेले कार्य. जमिनीवरच्या निरीक्षकासाठी ते अधिक १८ आणि उणे ३६ मिळून उणे १८ ज्यूल आहे. पट्ट्यावरच्या निरीक्षकासाठी पेटीवर उणे १८ आणि स्थिर दिसणाऱ्या पट्ट्यावर शून्य, म्हणजे पुन्हा उणे १८. गतिक घर्षणाच्या जोडीची ही बेरीज प्रत्येक चौकटीत सारखीच आणि नेहमी ऋणच येते. तिचे परिमाण घर्षण बल गुणिले दोन पृष्ठभागांमधील सापेक्ष सरकलेले अंतर इतके असते आणि निर्माण झालेली उष्णता तेवढीच असते. ‘घर्षणाचे कार्य ऋण असते’ हे वाक्य टिकवायचेच असेल, तर ते या जोडीविषयी म्हणावे.

स्थितिक घर्षणाने ऊर्जा घटते का?

घटत नाही, कारण त्यात पृष्ठभाग एकमेकांवर सरकतच नाहीत. ते एका वस्तूवर धन आणि दुसरीवर तितकेच ऋण कार्य करू शकते, जसे ट्रकच्या उदाहरणात घडते. पण बेरीज शून्य. ते ऊर्जा एकीकडून दुसरीकडे पोचवते आणि मधे काही उष्णता काढून घेत नाही. न घसरता घरंगळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, म्हणून स्थिर रस्त्याचे स्थितिक घर्षण चाकावर शून्य कार्य करते.

मग घरंगळणारा चेंडू शेवटी थांबतो कसा?

चेंडू आणि जमीन टेकण्याच्या जागी किंचित दबतात, आणि पुन्हा मूळ आकारात येताना दबताना घेतलेली सगळी ऊर्जा परत करत नाहीत. याला घरंगळण्याचा रोध म्हणता येईल. रुळावरील पोलादी चाकासाठी हा रोध वजनाच्या साधारण हजारात एक ते दोन भाग असतो, तर रस्त्यावरील मोटारीच्या टायरसाठी शंभरात एक भागाच्या आसपास. रेल्वे जड माल कमी ऊर्जेत वाहून नेऊ शकते, यामागे हा फरक मोठे कारण आहे.

ब्रेक लावल्यावर मोटारीची गतिज ऊर्जा कोठे जाते?

१,००० किलोग्रॅमची मोटार २० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा २,००,००० ज्यूल असते. रस्ता आणि टायर यांच्यातील गुणांक ०.७ धरला, तर ती किमान सुमारे २९ मीटर अंतरात थांबेल. हे अंतर काढताना वस्तुमान दोन्ही बाजूंनी निघून जाते, वेगाचा मात्र वर्ग राहतो; म्हणून वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते, आणि ताशी १४४ किलोमीटर वेगाला ते ११६ मीटरांच्या पुढे जाते. चालकाला धोका कळून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत कापलेले अंतर यात धरलेले नाही.

ऊर्जा कोठे जाते याचे उत्तर चाके घसरली की नाही यावर अवलंबून आहे, आणि सोप्या गणितांत हा मुद्दा सहसा गाळला जातो. चाके पूर्णपणे जखडून टायर रस्त्यावर घासत गेले, तर उष्णता टायर आणि रस्ता यांच्यात निर्माण होते. रबर जळाल्याचा वास आणि रस्त्यावरचे काळे पट्टे त्याचीच खूण. चाके फिरत राहिली, तर ब्रेकचे पॅड आणि चकती यांच्यातील गतिक घर्षण जवळजवळ सर्व ऊर्जा उष्णतेत बदलते. रस्त्याचे घर्षण मोटारीला थांबवणारे बाह्य बल पुरवते, पण ऊर्जा मुख्यतः चकतीत मुरते. चार चकत्यांचे एकूण वस्तुमान २० किलोग्रॅम लोखंड धरले, तर एका थांबण्यात त्यांचे तापमान सरासरी २२ अंशांनी वाढेल. लांब घाटउतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर हीच उष्णता साचत जाते, पॅडची पकड ढिली पडते आणि ब्रेक लागेनासा होतो. म्हणून अशा ठिकाणी खालच्या गिअरमध्ये उतरण्याचा सल्ला दिला जातो.

ही उष्णता परत गोळा करून गाडी का चालवता येत नाही?

पहिल्या नियमाची, म्हणजे ऊर्जा अक्षय्यतेची, याला हरकत नाही. हरकत उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाची आहे. उष्णतेपासून कार्य मिळवायला तापमानातील फरक लागतो, आणि फरक लहान असेल तर मिळू शकणारा कमाल वाटाही लहान असतो. चकती ३०० केल्व्हिनवरून ३२२ केल्व्हिनवर गेली असेल, तर आदर्श इंजिनालाही सुरुवातीला त्या उष्णतेतील सातेक टक्केच कार्याच्या रूपात मिळवता येतील, आणि चकती निवत जाईल तसा हा वाटा आणखी घसरेल. विजेवर चालणाऱ्या गाड्या वेगळा मार्ग घेतात : वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी वापरतात आणि गतिज ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होण्याआधीच बॅटरीत साठवतात. तेथेही चाकांवर ऋण कार्यच होते, पण ते विद्युत-चुंबकीय बलाचे असते.

ऋण कार्य फक्त घर्षणच करते का?

नाही. वर फेकलेल्या चेंडूवर गुरुत्व बल ऋण कार्य करते आणि दाबली जाणारी स्प्रिंग तिच्यावर आदळणाऱ्या ठोकळ्यावर ऋण कार्य करते. फरक पुढे दिसतो : चेंडू खाली येताना गुरुत्व सर्व ऊर्जा परत देते, स्प्रिंगही देते. या बलांचे कार्य केवळ आरंभ आणि शेवट यांवर ठरते, म्हणून त्यांच्यासाठी स्थितिज ऊर्जा सांगता येते. घर्षणाचे तसे नाही. टेबलावर पुस्तक एक मीटर बाजूच्या चौरसात फिरवून मूळ जागी आणले, तर प्रत्येक बाजूवर घर्षण विरोधच करते आणि एकूण कार्य उणे चार मीटर गुणिले घर्षण बल इतके होते. मार्ग जितका लांब तितकी घट जास्त. घर्षणाची स्थितिज ऊर्जा असे काही नसते.

हवेच्या रोधालाही हेच सूत्र लागू पडते का?

कार्याची व्याख्या लागू पडते, स्थिर बलाचे सूत्र नाही. मोटार किंवा सायकलीच्या वेगांना हवेचा रोध सामान्यतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात जाते : वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. हवाई छत्रीने स्थिर वेगाने उतरणाऱ्या माणसावर गुरुत्वाचे धन कार्य आणि हवेचे ऋण कार्य तंतोतंत बरोबरीचे असतात. त्याची गतिज ऊर्जा बदलत नाही आणि स्थितिज ऊर्जा हवेत विखुरत राहते.

ठोकळा सरकून थांबला; त्याची उष्णता जमिनीत गेली की ठोकळ्यातच राहिली?

दोहोंत वाटली गेली, आणि येथेच पाठ्यपुस्तकी सूत्राची मर्यादा कळते. १० ज्यूल गतिज ऊर्जेचा ठोकळा घर्षणाने थांबला की आपण ‘घर्षणाने उणे १० ज्यूल कार्य केले’ असे लिहितो. परंतु ठोकळा आणि जमीन एकाच पदार्थाची असून उष्णता समसमान वाटली गेली, तर ५ ज्यूल ठोकळ्यातच अंतर्गत ऊर्जा म्हणून शिल्लक आहेत. ठोकळ्यातून बाहेर प्रत्यक्षात ५ ज्यूलच गेले. मग उणे १० कोणते?

उत्तर असे की घर्षण बल ठोकळ्याच्या मध्यावर नव्हे, तर तळाच्या उंचवट्यांवर लागते. ते उंचवटे अडकतात, वाकतात आणि सुटतात. बल लागत असताना त्यांचे होणारे विस्थापन ठोकळ्याच्या एकूण विस्थापनाइतके नसते. घर्षण बल गुणिले ठोकळ्याचे विस्थापन ही राशी त्याच्या एकूण पुढे जाण्याच्या गतिज ऊर्जेतील घट अचूक सांगते, म्हणून गणिते सोडवताना ती निःशंकपणे वापरावी. ठोकळ्यातून किती ऊर्जा बाहेर पडली, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि त्या सूत्रातून त्याचे उत्तर निघत नाही. शालेय पातळीवर हा भेद करावा लागत नाही. तरी उष्मागतिकीकडे वळणाऱ्यांनी तो आधीच जाणून घेतलेला बरा.

घर्षणामुळे होणारी घट कमी कशी करतात?

कोरड्या पोलादावर पोलाद घासले तर गुणांक साधारण ०.६ च्या आसपास असतो. मधे वंगण घातले की तो ०.१ किंवा त्याखाली येतो, कारण आता घन पृष्ठभागांऐवजी तेलाचे थर एकमेकांवरून सरकतात. बॉल बेअरिंगमध्ये घासण्याची जागा घरंगळणे घेते. चुंबकीय बलाने अधांतरी ठेवलेल्या गाड्यांत स्पर्शच नसतो, पण हवेचा रोध उरतोच.

गणित सोडवताना कोणत्या चुका टाळाव्यात?

चार चुका सतत दिसतात. एक, कार्य ऋण लिहून ते पुन्हा वजा करणे, म्हणजे एकच घट दोनदा किंवा उलट चिन्हाने मोजणे. ‘घर्षणाचे कार्य उणे १४७ ज्यूल’ आणि ‘ऊर्जेची घट १४७ ज्यूल’ ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत. दोन, गुरुत्वाचे कार्यही धरायचे आणि स्थितिज ऊर्जेतील बदलही धरायचा. यांपैकी एकच घ्यावा. तीन, वस्तू सरकत असताना स्थितिक घर्षणाचा गुणांक वापरणे. चार, वस्तू सरकेलच असे गृहीत धरणे. पहिल्या उदाहरणातील पेटीला २० न्यूटननेच ढकलले आणि स्थितिक गुणांक ०.४ असला, तर स्थितिक घर्षण ३९.२ न्यूटनांपर्यंत जाऊ शकते. पेटी हलणार नाही, घर्षण बरोबर २० न्यूटन असेल आणि सर्व बलांचे कार्य शून्य येईल.